थांबायचं कुठं

पुसदला मी गिटारचा क्लास घेतो. दर रविवारी ढाणकीहून एक जण मोटारसायकलवर यायचा. चाळिशी उलटलेला, बियाण्यांचं दुकान चालवणारा. बोलताना अडखळायचा, म्हणून फारसं बोलायचाच नाही. त्याला ब्लूज या अमेरिकी संगीतावर सोलो, म्हणजे एकट्यानं सुचेल तसं वाजवायला शिकायचं होतं. मी साथीला कॉर्ड वाजवायला लागलो की तो सुटायचा. बाह्या वर सारून, डोळे मिटून नुसता सूर ओतत राहायचा. कुठं श्वासापुरती जागा नाही.

"अहो, एक ओळ वाजवा अन् थांबा. गाणारा दम घेते तसं," मी दर वेळी सांगायचो. तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच. माझं डोकं उठायचं. एकदा वैतागून मी मधेच हात थांबवला आणि विचारलं, "तुम्ही थांबत काहून नाही?"

त्यानं तारांवर तळहात ठेवला. पहिल्याच शब्दावर बराच अडकला. मी वाट पाहिली.

"बोलताना थांबलो का लोकं माह्यं वाक्य पुरं करून टाकतात, सर. इथं कोणी मधात येत नाही. मंग कायले थांबू?"

मी पुन्हा ठेका धरला. "मी बी मधात येत नाही. थांबून तं पाहा," मी म्हणालो.

त्यानं एक ओळ वाजवली आणि माझ्याकडे पाहत थांबला. मी फक्त ठेका चालू ठेवला. त्या मोकळ्या जागेत त्याची ओळ मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. त्यालाही आली असावी, कारण तो हसला.

मग त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यासारखाच शेवटपर्यंत कुठंही थांबला नाही. या वेळी मीही मधे आलो नाही.