मिठाची खिडकी मी धुतली

ढोबळे सरांच्या साठीच्या गौरव-अंकाची छापायच्या आधीची पानं नातीनं मला वाचून दाखवली. त्यात गंमत म्हणून लिहिलंय, की सरांनी एकदा लेझरची मिठाची खिडकी नळाखाली धुतली. साफ खोटं. ती मी धुतली. आता अंक काढणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

मी पारबताबाई. मूळची पारशिवनीकडची, चौथीपर्यंत शिकलेली. सरांच्या प्रयोगशाळेत काच घासायच्या कामाला गेले, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बाई, घाई करता का?" म्हटलं, "नाही करत." ठेवून घेतलं.

लेझरचा हिरवा ठोका असतो, उजेडाचा. इतका लहान, की त्यापुढे पापणी लवणं म्हणजे आख्खं आयुष्य. तो स्फटिकाच्या चकतीत एकवटून सोडला, की पलीकडून पांढरा उजेड निघतो. त्या चकतीला तिथं खिडकी म्हणतात. काचेच्या खिडक्या मी साबणानं धूत असे. नवी आली तीही काचेसारखीच दिसली. वर उन्हाळ्याची धूळ. धुतली. हातातच आंधळी झाली.

सर आले. म्हणाले, "बाई, बोट जिभेले लावा."

खारट लागलं.

"मीठ आहे हे. तुम्हाले सांगाचं राहून गेलं."

"काहून राहिलं? आता मले कामावरून काढान."

"काढीन, तर घासन कोण?"

विभागप्रमुखांनी लेखी खुलासा मागितला. सरांनी लिहून दिलं, "माझ्या हातून धुतली गेली." त्या वर्षी परिषदेला सर परदेशी जायचे होते; दुसरेच गेले. मला हे शिपायाकडून कळलं.

तीच खिडकी मी आठ दिवस घासली. पाणी नाही, फक्त स्पिरिट, मऊ कापड आणि बारीक भुकटी. तिला श्वासाची वाफसुद्धा चालत नाही, म्हणून माझ्या तोंडाला पदर, शेजारी बसलेल्या सरांच्या तोंडाला रुमाल. दोघं दरोडेखोर दिसत होतो. नवव्या दिवशी हिरवा ठोका आत गेला आणि कागदावर पांढरा ठिपका पडला, भोवती रंगांची कडी.

"पाहा बाई, तुमचा उजेड."

म्हटलं, "दिसला. खिडकी झाका, धूळ बसून राहिली."

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, आणि शंभरीतही ते स्फटिक उन्हात धरून ओरखडे शोधत बसोत. पण त्या पानावर माझं नाव घाला. आणि माझी चूक मला न विचारता त्यांनी आपल्या अंगावर काहून घेतली, ते समारंभात सांगायचं. सरांनी स्वतः. एकाही विद्यार्थ्यानं मध्ये बोलायचं नाही.