रक्तगट : चहा

कापसाने रडवलेल्या त्या वर्षांत मी यवतमाळला रक्तदात्यांची यादी सांभाळत होते. मंडळ आमचं बिनपगारी, खोली उसनी, कॉम्प्युटर कुणीतरी टाकून दिलेला. यादी ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये होती, कारण तिथे माणसागणिक एक कार्ड ठेवता यायचं. पण ते तयार कार्ड भारी साहेबी. फॅक्स नंबर विचारायचं, सेक्रेटरीचं नाव विचारायचं. आमच्या पोडावरच्या, म्हणजे आदिवासी पाड्यावरच्या, कोलामाला कुठला आलाय फॅक्स, डोंबल! म्हणून पंधरा दिवस डोकं फोडून मी माझा स्वतःचा फॉर्म बनवला होता. रक्तगट, मागचं रक्त कधी दिलं, वेचणीच्या दिवसांत कुठे असतो, आणि सगळ्यात रुंद रकाना, निरोप कोणाकडे द्यायचा. कारण स्वतःचा फोन फार थोड्यांकडे होता. कुणाचा निरोप चक्कीवर, कुणाचा सरपंचाच्या ओसरीवर.

मग व्हायरस शिरला. आमचा कॉम्प्युटर बघणारे भाई मूळचे रेडिओ मेकॅनिक. त्यांनी सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, सीडीवर काढून ठेवलेली कार्डं परत आणली आणि "एक नंबर झालं" म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला सिकलसेल. रक्त पार उतरलेलं, गट ओ निगेटिव्ह, रक्तपेढीत त्या गटाची एक पिशवी नाही. संध्याकाळच्या आत पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "बसा, आत्ता काढते," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. कार्ड उघडलं, तर ते मलाच फॅक्स नंबर विचारायला लागलं.

दुसरं उघडलं, तेच. दहा उघडली, तेच. नाव होतं, फोन होता, बाकी माझा फॉर्म साफ गायब. भाईंना बोलावलं आणि ते दारात दिसताच तोंड सोडलं, "तुमच्या अकलेला काय वाळवी लागली होती का हो?"

"चिल्लावू नका ना जी मॅडम," ते खुर्ची ओढत म्हणाले. "माल गोदामातच असन. दार तेवढं हरवलं."

साडेदहा वाजले होते आणि बाराला लाईट जाणार होती. भाईंनी कुठल्याशा कोपऱ्यातून एका कार्डातल्या सगळ्या नोंदींची यादी काढली. तळाशी होतं, रक्तगट बी पॉझिटिव्ह. अगं बाई! होतं की सगळं! पण अशी चारशे कार्डं खोदत बसलो असतो तर दिवस मावळला असता.

"सगळ्यात पयलं कार्ड कोणाचं बनवलं होतं?" भाईंनी विचारलं.

मला लाज वाटली. ते चाचणीचं कार्ड होतं. नाव अबक, रक्तगट चहा. कितीदा पुसून टाकणार होते, राहून गेलं होतं.

"कच्च्या कार्डाच्या पोटात कधी कधी पुरा फॉर्मच राह्यते," म्हणत त्यांनी ते उघडलं. आणि आला! माझ्या वाकड्यातिकड्या चौकटींसकट, जसाच्या तसा. भाईंनी त्यातूनच तो फॉर्म पुन्हा नोंदवला, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं आणि एकामागून एक कार्डं बोलायला लागली. 'चक्कीवर सांगा, सासरा कमी ऐकतो, मोठ्याने बोला.' 'वेचणीत राजूरकडे, मुकादमाला कळवा.' हे सगळं मीच लिहिलेलं, तरी मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. घरोघरी कापसाचं मातेरं झालेलं, आणि इतक्या माणसांनी मला सांगून ठेवलं होतं की बोलवा, येतो.

ती बाई माझ्या पाठीशी येऊन उभी होती. "हे सगळे कोण व्हय जी?"

"रक्त देणारे."

"मायी पोरगी या लोकायले कुठं माहीत हाये?" ती म्हणाली आणि तिने पडद्यालाच हात जोडले.

ओ निगेटिव्ह दोनच निघाले. एकाने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. दुसरा केळापूरकडच्या पोडावरचा, निरोप गावातल्या किराणा दुकानात. फोन लावला.

"तो त वेचणीले गेलता सकाळीच," दुकानदार म्हणाला. "थांबा, मी वावरात जातो अन् गाडीवरच घेऊन येतो."

"अहो, पण दुकान?"

"दुकान का पयून जाते?"

तीनच्या सुमाराला दोघं रक्तपेढीत पोचले. त्या माणसाच्या केसांत कापूस अडकलेला. कुणासाठी, काय झालं, त्याने काहीच विचारलं नाही. उपाशी होता, म्हणून आधी बळेच जेवायला घातलं, मग तो बाही सरकवून आडवा झाला.

संध्याकाळी पिशवी चढायला लागल्यावर ती बाई परत खोलीवर आली. "आता मायं बी कार्ड बनवा."

मुलीला तिचं रक्त चालेल का म्हणून दवाखान्यात तिची तपासणी सकाळीच झाली होती. मी म्हटलं, "तुमच्याच अंगात रक्त नाही बाई, तुम्ही काय देणार?"

"मंग निरोपाच्या जागी लिवा मले. फोन नाही मायाजवळ, पण आमच्या गावची एसटी हाये, तिचा कंडक्टर मले वयखते. त्याच्यापाशी सांगजा. गावात कोणाले बी बलवाचं असन, रात असो का पाऊस, मी पयत जाईन."