घरी बसून नाही, घरून

सातपूरला एका लहान कारखान्याच्या ऑफिसात मी झाडलोट करते आणि चहा देते. सगळे मला मावशी म्हणतात. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे मी खोलीत असले तरी कोणी बोलायचं थांबत नाही. त्या दिवशी हिशेबाच्या कामासाठी आलेले अर्ज साहेब आणि अकाउंटच्या मॅडम बघत होते. मी रिकामे कप उचलत होते.

“ही ऑनलाइनवाली आहे? ठेवा बाजूला,” साहेब म्हणाले.

“साहेब, त्या डिग्रीला आता मान्यता असते.”

“मान्यता तर आधार कार्डालाही असते. म्हणून त्याला काय हिशेब येतो?”

मॅडम हसल्या.

“अहो, घरी बसून काय शिकणार?” साहेब म्हणाले. “ मोबाईलवरून उतरवायचं आणि पास व्हायचं. कॉलेजात मुलगी चार माणसांत वावरते. घरात राहून लाजरी होते.”

माझी मुलगी नुकतीच ऑनलाइन बी.कॉम. झाली होती. आणि लाजरेपणाचं म्हणाल, तर मी शाळेत जाऊनच शिकले, चौथीपर्यंत.

तिची बारावी झाली आणि तिच्या वडिलांचं काम सुटलं. ती पॅकिंगच्या कामाला लागली, कॉलेज राहिलं. मग तिने ऑनलाइन नाव घातलं. दिवसा काम, संध्याकाळी मोबाईलवर तास. तासाचे सर मोबाईलमध्ये दिसायला लागले की मी डोक्यावर पदर घ्यायचे.

“आई, त्यांना तू दिसत नाहीस गं.”

मला ते पटायचं नाही. घरात सर आलेले आणि आपण कुकरच्या शिट्ट्या काढायच्या? तास संपल्यावरच वरण शिजायचं. तिचे वडील भुकेने कुरकुरायचे, “गेले का सर? मग आता आमच्या पोटाचा तास घ्या.”

परीक्षेला कॅमेरा चालू ठेवावा लागायचा. मान वळवली तरी पडद्यावर सूचना यायची. खोलीत दुसरं कोणी दिसलं तर पेपर रद्द होईल, असं तिने सांगून ठेवलं होतं. मी दार लावून बाहेर उभी राहायचे. एकदा शेजारीण विरजण मागायला आली. आवाज आत जाईल म्हणून मी नुसते हात हलवले. तिला वाटलं, मी हाकलतेय. कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

हे सगळं मला साहेबांना सांगता आलं असतं. मी कप धुवायला घेतले.

घरी आले तर मुलगी म्हणाली, “आई, तुमच्या ऑफिसात जागा आहे ना, मी अर्ज टाकला होता. आत्ताच मॅडमचा फोन आला, मुलाखतीला बोलावलंय.” बाजूला ठेवलेला तो कागद तिचाच होता की काय, आणि मॅडमनी तो परत गठ्ठ्यात घातला की काय, मला कळेना. “पण तिथे तू मला ओळखायचं नाही हं. मला वशिल्याने नको.”

मी मान हलवली. साहेब काय म्हणाले ते सांगितलं नाही.

मुलगी बघायला लोक येतात तेव्हा मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि आई पडद्याआडून बघते. इथे मुलाखतीला मुलगी खुर्चीत बसलेली आणि ट्रे माझ्या हातात. तिने कप उचलला आणि “थँक यू, मावशी” म्हणाली. अगदी सहज. मी दाराशी रेंगाळले.

“म्हणजे तीन वर्षं घरी बसूनच शिकलीस?” साहेबांनी विचारलं.

“घरी बसून नाही सर. घरून.”

“फरक काय?”

“घरी बसले नव्हते. दिवसभर कामावर होते. शिकले घरून.”

मॅडमनी तिला कॉम्प्युटरवर एक बिल करायला दिलं. टॅक्समध्ये तिची चूक झाली, मग तिलाच दिसली, तिने नीट केली. साहेब म्हणाले, “कळवतो.”

हा शब्द मी ओळखते. माझ्या बहिणीला बघायला आलेले कितीतरी लोक पोहे खाऊन “कळवतो” म्हणाले आणि कळवायला कोणी आलं नाही. मुलीला मी हे कसं सांगू? ती आंघोळीला जाताना फोन माझ्या हातात देऊन जायची. वाजला तर उचल म्हणायची. मी तो फोन धरून मोरीच्या दाराशी उभी राहायचे. पोळी करपायची, पण फोन काही वाजायचा नाही.

पुढच्या आठवड्यात चहा घेताना साहेब मॅडमना म्हणाले, “मुलगी चुणचुणीत होती. पण डिग्री घरी बसून केलेली. मावशी, तुम्हीच सांगा, घरी बसून कोणी शिकतं का?”

दोघं हसले. त्यांना उत्तर नकोच होतं.

“घरी बसून नाही साहेब. घरून. मी होते ना तिथे.”

“तुम्ही? कुठे?”

“दाराबाहेर. ती माझी मुलगी आहे.”

“अगं बाई!” मॅडम म्हणाल्या. “आणि परक्यासारखा चहा ठेवून गेलात?”

“आधी सांगायचं ना मावशी,” साहेब म्हणाले. “तुमची मुलगी म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तीन महिने ठेवून बघू. डिग्रीचं नंतर बघता येईल.”

मला आनंद व्हायला हवा होता. घरी चालत येताना मी ठरवत होते की तिला निम्मंच सांगायचं, घेतलंय एवढंच. दारात पाय टाकल्यावर सगळं सांगून बसले, अगदी पहिल्या दिवशीचं बोलणंसुद्धा.

“म्हणजे काम डिग्रीवर नाही मिळालं,” ती म्हणाली. “तुझ्या चहावर मिळालं.”

“मिळालं ना?” तिचे वडील म्हणाले. “इथे लोकांना चहावरही मिळत नाही!”

ती हसली नाही. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी गप्प राहिले असते तर त्यांनी तिला घेतलंच नसतं. बोलले, तर तिने जे शिकून मिळवायचं ते माझ्या तोंडून मिळालं. भांडी घासताना मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्हीकडे अडते.

आज संध्याकाळी ती पर्समध्ये कागद भरायला लागली. “उद्या जाते मी,” म्हणाली. डिग्रीची प्रत सगळ्यात वर ठेवली.

“ती तर त्यांच्याकडे आहे ना?”

“असू दे. ती कोणी वाचलेली नाही. ही मी साहेबांच्या हातात देणार. आधी वाचा, मग ठेवायचं का ते सांगा, म्हणणार.”

साहेब काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. तेव्हा मी त्या खोलीत नसावं असं वाटतं. आणि असावं असंही.