दिवसाला एक लिटर

पाणी मोजून देणारी बायको कशी असते ते कुणाला बघायचं असेल, तर त्याने गेल्या मे महिन्यात आमच्या घरी यायला हवं होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक लिटरची बाटली, सकाळी काठोकाठ भरलेली. दिवसभरात आमच्या ह्यांच्या पोटात जायचं ते तेवढंच. चहा दिला, की जेवढा चहा तेवढं पाणी बाटलीतून मोजून बाहेर. आमटी वाढली, की तेवढं बाहेर. सकाळी पेज घेतली तर पाऊण कप. काढलेलं पाणी मी तुळशीला घालायची. हे पडवीतल्या खुर्चीवरून ते बघायचे आणि म्हणायचे, "तुळशीची मजा आहे बुवा."

मला हसू यायचं नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. किडन्या थकल्यात, पायांवर सूज आहे, पथ्य नीट पाळलंत तर डायलिसिस पुढे ढकलता येईल, नाहीतर आठवड्यातून तीनदा मशीन. ह्यांनी तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. वादळं बघितली, एकदा हात भाजून घेतला, पण त्याच्या गोष्टी सांगताना हसत सांगायचे. त्या दिवशी मात्र दवाखान्यातून निघाल्यावर रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "ते मशीन नको गो. बाकी तू म्हणशील ते करीन." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, चारचौघांत ह्या माणसाने माझा हात कधी धरला नव्हता. मी तिथेच ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी ह्यांना मशीनवर जाऊ द्यायचं नाही.

आता ह्यात गंमत अशी, की माझा धंदा सरबतांचा. मे म्हणजे रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस. घरात बसायला जागा नसते. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, वाट्यांमध्ये साखर भरून बरण्या उन्हात ठेवायच्या, दुसरीकडे मिठातलं आगळ, तिसरीकडे कैरीचं पन्हं. माझ्या बाटल्या हातखंब्याला हायवेवरच्या एका दुकानात जातात. तिथे मुंबईच्या गाड्या थांबल्या आणि मी जवळ असले, तर गिऱ्हाइकाची सुटका नाही. पित्तावर कोकम, उष्णतेवर धण्याजिऱ्याचं पाणी, मासळी अंगावर येऊ नये म्हणून सोलकढी. कोणी म्हातारा कोल्ड्रिंकची बाटली घेताना दिसला तर मी त्याच्या सुनेला ऐकू जाईल असं बोलते. पिण्याच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा होता. आणि घरात दीडशे बाटल्या भरलेल्या असताना घरधनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत बसलेला.

उकाडा तर विचारू नका. नुसतं बसलं तरी पाठीला बनियन चिकटत होतं. एकदा हे मोरीत चूळ भरायला गेले ते बाहेर येईनात. मी दाराशी जाऊन उभी राहिले. "तोंड धुताय की पिताय?" बिचारे तोंडातलं पाणी तसंच थुंकून बाहेर आले. मी लगेच त्यांचा तांब्या उचलून वर फळीवर ठेवला. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते मशीन होतं. प्रेमाने बोलायला गेले तर हे आणखी घोटभर मागतील आणि मी देऊन बसेन, ह्या भीतीने मी बोलणंच कमी केलं. वेळ झाली की भांडं ठेवायचं, ते रिकामं झालं की उचलायचं. तोवर रातांबे वाट बघत असायचेच.

मेच्या मध्यावर ह्यांना उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोटात काही ठरेना. चेहरा पिवळट पडला. ही बातमी लांज्याला वन्संच्या कानावर गेली. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, वय सत्तर, आवाज वीस वर्षांच्या बाईचा. सकाळच्या एसटीने आल्या. हातात जड पिशवी, पिशवीत चार शहाळी. आल्या आल्या त्यांची नजर ओट्यावरच्या बाटलीवर गेली.

"हे काय गो? पाणी मोजून देतेस माझ्या भावाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय हजार सांगतील. डोळे बघ त्याचे किती खोल गेलेत. दुष्मनालासुद्धा कोणी असं वागवत नाही!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही चार तासांसाठी येता आणि बोलून जाता. रात्रंदिवस करते कोण?" म्हटलं खरं, पण त्यांचं बोलणं मला लागलं होतं. मी पिशवीतलं एक शहाळं काढलं, परसात जाऊन कोयत्याने टोक उडवलं आणि ह्यांच्यासमोर नेऊन धरलं.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, शहाळ्यात पाणीच असतं की. आज मलाही ते दिसतं. पण आमच्याकडे शहाळं पिण्यात धरत नाहीत, औषधात धरतात. ताप आला, शहाळं. बाळंतीण घरी आली, शहाळं. ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत, दोन शहाळी नेतात. गोळी गिळली म्हणून मी कधी बाटलीतून पाणी कमी केलं नव्हतं, तसंच शहाळ्यासाठीही केलं नाही. मनात तो विचारसुद्धा आला नाही. मी इतकी हिशेबी बाई, चमचाभर ताक न सोडणारी, आणि एवढं थोरलं शहाळं माझ्या नजरेतून निसटलं.

ह्यांनी शहाळं हातात घेतलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शहाळ्याकडे. मग प्यायले. मी त्याचे दोन तुकडे करून आतली मलई सालीच्या चिपेने काढून दिली. मीही शेजारी स्टुलावर टेकले. "बरं वाटतंय?" म्हणून विचारलं. "एकदम," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच तरतरी आली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी दुसरं दिलं. पिशवी संपल्यावर आमच्याच माडावरची उतरवून घेतली. चार दिवस, रोज दोन. शेवटच्या दिवशी उलटी थांबली म्हणून खुशीत तीन.

पाचव्या दिवशी सकाळी हे मोरीकडे जायला उठले आणि दारातच खाली बसले. "पाय उचलत नाहीत," म्हणाले. मला आधी वाटलं, अशक्तपणा. मी काखेत हात घालून उठवायला गेले, तर पाय नुसते लोंबत होते. मनगट धरलं. नाडी लागतच नव्हती, लागली ती अगदी थांबून थांबून. शेजारच्यांनी रिक्षा दाराशी लावली. दोघांनी उचलून ह्यांना आत ठेवलं. वन्सं अजून आमच्याकडेच होत्या, त्या तशाच अनवाणी पायांनी रिक्षात चढल्या.

हॉस्पिटलात नर्सने छातीला वायरी लावल्या, मशीनमधून कागद निघाला. तो तिने बघितला आणि भराभर चालत डॉक्टरांकडे गेली. ती धावली असती तर मी एवढी घाबरले नसते. मग सगळे एकदम आले. एक इंजेक्शन, दुसरं इंजेक्शन, बाटली लावली, रक्त नेलं. आम्हा दोघींना पलंगापासून दूर उभं केलं. वन्सं पुटपुटत होत्या. मी ह्यांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, की तो हलतोय का.

रिपोर्ट आल्यावर आमचे नेहमीचे डॉक्टर माझ्याकडे आले. "रक्तात पोटॅशियम खूप वाढलंय. ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. कधी थांबतातसुद्धा. पथ्य काय चाललंय?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. लिटरभर, त्यात चहा, त्यात आमटी, त्यात पेज.

"फळं? रस? तुमची सरबतं?"

"छे हो! मोजल्याशिवाय एक थेंब नाही. विचारा ह्यांना." वन्संच्या देखत मी हे बोलले आणि त्या भीतीतसुद्धा मला त्याचा अभिमान वाटला.

डॉक्टर म्हणाले, "मग किडनीच आणखी खालावली असं धरायला हवं. आजच डायलिसिस करू. मानेत नळी घालावी लागेल. आणि सुरू केलं की बहुतेक कायमचंच." त्यांनी कागद पुढे केला. "इथे सही करा."

मी पेन घेतलं. पलंगावरून हे बघत होते. डोळे माझ्या हातावर. रिक्षातला तोच माणूस, तीच भीती. मला ते बघवेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. खाली फाटकाबाहेर शहाळीवाला बसला होता. कोयत्याचा एक घाव, आणि टोक उडालं. एक बाप्या दोन शहाळी घेऊन आत येत होता, आपल्या पेशंटसाठी. मला वाटलं, नळी घालायच्या आधी ह्यांच्याही पोटात काहीतरी जायला हवं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आधी एक शहाळं पाजलं तर चालेल? चार दिवस घरी देतेय. तेवढीच शक्ती येते त्यांना."

डॉक्टर एकदम माझ्याकडे वळले. "काय देताय?"

"शहाळं."

"किती?"

"रोज दोन. काल तीन."

"आणि मला म्हणालात, मोजल्याशिवाय थेंब नाही!"

"अहो, पण शहाळं ते..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. वन्सं भिंतीला टेकून खाली बसल्या. "मीच आणली गो पिशवी," म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, म्हणाले. तुम्ही-आम्ही प्यायलो तर चांगलंच, पण ह्यांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, ते रक्तातच साचत जातं. कारण असं बाहेरचं असेल तर औषधांनी उतरायची आशा आहे. तीन तास थांबू, ठोक्यांवर लक्ष ठेवू, परत रक्त बघू. जाता जाता मात्र वळले. "पण मी सांगितलं होतं. मागच्या खेपेला. फळांचे रस आणि शहाळी पूर्ण बंद. तुम्ही बाहेर फोनवर होतात, मी ह्यांना सांगितलं."

मी पलंगाकडे बघितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. झोपलेला माणूस आणि डोळे मिटलेला माणूस ह्यांतला फरक पस्तीस वर्षांनी कळतो.

ते तीन तास कसे गेले ते माझं मला माहीत. राग इतका आला होता, की ह्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. आणि ह्यांच्या उशाशी लावलेल्या पडद्यावरची रेघ जरा वेगळी दिसली की तोच राग विसरून मी नर्सला हाका मारत होते. शेजारच्यांनी पाठवलेला डबा वन्संनी उघडला, मी बघितला नाही. आपल्या हाताने पाजलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. फोडून, मलई काढून, लाडाने पाजलं.

साडेतीनला रिपोर्ट आला. पोटॅशियम उतरायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आज मशीन नको, पुढचं पुढे बघू. वन्सं देवाला हात जोडत बाहेर गेल्या. मी स्टूल ओढून पलंगाशी बसले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग प्यायलात कसे? मरायचं होतं?"

"नाय गो. तहान लागली होती."

मग मात्र मी सुटले. लहान मूल आहात का, म्हटलं. मी इथे जिवाचं रान करते, बाटली घेऊन पहारा देते, लोकांची बोलणी खाते, आणि तुम्ही तोंडातून एक शब्द काढत नाही! माझ्या हातून तुम्हाला काही झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? आणखीही बरंच बोलले. बाजूच्या पलंगावरची बाई उठून बसली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो," ते म्हणाले. "पाण्याच्या वेळी तू भांडं ठेवतेस आणि जातेस. बघतेस ती बाटलीकडे. त्या दिवशी शहाळं दिलंस आणि बसलीस. बरं वाटतंय का विचारलंस. म्हटलं, आता सांगितलं तर उठून जाशील."

मला रडू आलं, तिथेच, सगळ्यांच्या देखत. पदराने तोंड पुसत होते तेवढ्यात नर्स अर्धा कप पाणी देऊन गेली, मोजलेलं. ह्यांनी दोन्ही हातांनी कप धरला. वन्सं दारातून म्हणाल्या, जा, तू काहीतरी खाऊन ये, मी बघते त्याच्याकडे. ह्यांनी पहिला घोट घेतला, तोंडात बराच वेळ धरला, मग गिळला. अर्धा कप संपायला दहा मिनिटं लागली. मी उठले नाही.