डार्ला टॉफ्टचे उन्हाळे

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली, शाळेच्या स्वयंपाकघरातली शेवटची पातेली घासून पालथी घातली, की तिथे काम करणाऱ्या आम्ही बायका एकमेकींना विचारायचो, यंदा कुठे जाणार? कुणी बहिणीकडे जायची, कुणी लेकीच्या बाळंतपणाला. डार्ला टॉफ्टला मात्र कुणी विचारत नसे. ती वर जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

वर म्हणजे गावामागच्या विंड रिव्हरच्या डोंगरांत. उन्हाळ्यात आमच्या गावात बाहेरची माणसं येतात, पाठीवर सॅक टाकून वरच्या तळ्यांकडे जातात, चार दिवस तंबूत झोपतात, डास चावून घेतात आणि खुशीत परततात. डार्लाही तशीच सॅक घ्यायची, तसाच तंबू, अस्वलाला उघडता येणार नाही असा खाण्याचा डबा. पण ती जायची भावाला शोधायला.

केंट तिच्याहून थोडा मोठा. एका ऑगस्टमध्ये सोनेरी ट्राउट मासे पकडायला म्हणून एकटाच वर गेला. कुठल्या तळ्यावर, ते त्याने सांगितलं नाही. मासे पकडणारे सांगतच नाहीत. पायवाटेच्या तोंडाशी त्याची गाडी सापडली, तो सापडला नाही. कुत्री नेली, घोडे नेले, हेलिकॉप्टर फिरलं. सप्टेंबरात बर्फ पडलं आणि शोध थांबला. तेव्हा डार्लाला दूर स्पोकेन शहरातल्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळालेली होती. बॅगसुद्धा भरून झाली होती. अशा वेळी आईला टाकून कसं जायचं, म्हणून ती त्या वर्षी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात आर्डिसबाई, म्हणजे तिची आई, म्हणाली, "बर्फ वितळलंय. त्याच्या वाटा तुला माहीत आहेत. एकदा बघून ये."

त्या 'एकदा'चं मग 'दर उन्हाळ्याला' झालं.

आर्डिसबाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. ती लेकीसाठी ओटची बिस्किटं भाजायची, मोजे रफू करून द्यायची. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर डोंगरांचा नकाशा होता. डार्ला परत आली की बाई लाल पेन्सिल घ्यायची आणि एकेका तळ्यावर फुली मारायची. मी एकदा तिथे कॉफी पीत बसले होते. डार्लाने अजून बूटही काढले नव्हते.

"पाण्याची सगळी कड बघितलीस?"

"बघितली."

"आणि दगडांखाली?"

"आई, तिथे दगडच दगड आहेत गं."

"म्हणून तर विचारते."

बाई स्वतः कधी वर गेली नव्हती. आधी नवऱ्याचं दुखणं होतं, तो गेल्यावर तिचे गुडघे.

मध्ये एक व्हर्न नावाचा माणूस डार्लाच्या आयुष्यात आला. किराणा दुकानात मांसाच्या काउंटरवर असायचा, हसरा, जरा टकला. त्याला दूर बॉइझी शहरात नोकरी मिळाली तेव्हा त्याने तिला सोबत चल म्हणून विचारलं. तिने घरी सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "आणि केंट सापडला तर? त्याला घ्यायला कोण जाईल?" व्हर्न एकटा गेला. नाताळला त्याचं एक कार्ड आलं, नंतर तेही बंद झालं.

आणि गाव! गावाने तिला असं काही डोक्यावर बसवलं होतं की खाली उतरायची सोय राहिली नव्हती. चर्चमध्ये म्हातारे तिचा हात हातात धरून म्हणायचे, "तुझ्यासारखी बहीण देव सगळ्यांना देवो." ती मान हलवायची. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटायची, "ग्वेन, मला कॉफी दे, नाहीतर मी कुणाला तरी चावेन."

एकदा बटाटे सोलताना मी तिला विचारलं, "तुला डोंगर आवडतात तरी का गं?"

तिने हातातला बटाटा सोलून पाण्यात टाकला. मग म्हणाली, "काय माहीत. तिथे मी मान वर करून कधी बघितलंच नाही."

तिची चाळिशी उलटल्यावरची गोष्ट. त्या जुलैत ती टिन कप नावाच्या तळ्यावर गेली. खूप वर आहे ते, झाडं संपतात त्याच्याही वर. तिन्ही बाजूंनी उभे कडे, तळाशी हिरवंगार पाणी, आणि पलीकडच्या काठावर जायचं तर मोटारीएवढाल्या खडकांच्या राशीवरून. सकाळी ती त्या राशीत शिरली. दगडांमधल्या फटींत वाकून बघत, एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत चालली होती. एक खडक तिच्या वजनाने कलला. ती घसरली, उजवा पाय फटीत गेला आणि खडक पुन्हा बसला, पोटरीवर.

सॅक घरंगळून खाली गेली होती, हात पोचेल त्याच्या पलीकडे. पाणी त्यातच. तिने पाय ओढला, पिळला, खडकाला पाठ लावून रेटा दिला. खडक तसूभर हलला नाही. गळ्यातली शिट्टी ती फुंकत राहिली, 'वाचवा' म्हणून ओरडत राहिली. कड्यांवर आपटून तिचाच आवाज परत यायचा. दुपारी ढग आले, वीज कडाडली, गारांचा मारा झाला. डोक्यावर हात धरून ती बसून राहिली. गारा थांबल्यावर ती परत ओरडायला लागली, पण आता 'वाचवा' म्हणून नव्हे. ती केंटला शिव्या देत होती. हे तिने मला नंतर सांगितलं, तेव्हाही लाजून. "जे तोंडाला येईल ते बोलले गं. म्हटलं, मेल्या, सांगून जायला काय झालं होतं तुला? मी काय तुझी राखण करायला जन्मले?"

तो आरडाओरडा तळ्याच्या अलीकडच्या काठावर नुकताच मासे पकडायला आलेल्या एका म्हाताऱ्याने ऐकला. हर्शेल डंकेल त्याचं नाव, नेब्रास्काचा, आयुष्यभर लोकांची दाढी-कटिंग करून आता निवृत्त झालेला. खडकांवरून बसत, घसरत तो तिच्यापर्यंत आला.

"कुणाशी भांडताय बाई?" तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं नवरा-बायकोचं चाललंय, मध्ये पडावं की नाही."

"भावाशी."

"कुठे आहे तो?"

"तेच तर माहीत नाही."

म्हाताऱ्याने तिला पाणी पाजलं, स्वतःचं जाकीट तिच्या अंगावर घातलं आणि फटीत डोकावून पाहिलं. चालायच्या काठीने खडक उचकटायचा प्रयत्न केला, काठी काडकन मोडली. मग तो पोटावर आडवा झाला आणि जेवणाच्या चमच्याने तिच्या पायाभोवतीचे बारके दगड उकरायला लागला. सुरीने बुटाच्या नाड्या कापल्या. हात चालू, तोंडही चालू. न्हाव्याची सवय. तिनेही मग सगळं सांगून टाकलं, केंट, आई, नकाशा.

"बरं, आणि तो सापडला तर काय कराल?"

"घरी जाईन."

"आणि नाही सापडला तर?"

"घरी जाईन."

"मग पुढच्या वर्षी?"

तिला हुंदके यायला लागले. म्हातारा फटीतूनच म्हणाला, "रडा, खुशाल रडा. फक्त पाय सैल सोडा."

त्याने छोटी बाटली काढली आणि सगळं तेल तिच्या पायावर, बुटात, ओतलं. "मासे तळायला आणलं होतं," तो म्हणाला.

"मिळाले मासे?"

"एक नाही. निदान तेलाचा तरी उपयोग होऊ दे."

ऊन कड्यावरून उतरायच्या वेळेला पाय सुटला. बूट तिथेच राहिला. घोटा मोडला होता, पोटरी काळीनिळी झाली होती. हर्शेलच्या मुलीने त्याला जबरदस्तीने एक यंत्र दिलं होतं, उपग्रहावरून निरोप पाठवणारं. त्यातला लाल खटका दाबायची संधी मिळाली म्हणून म्हातारा खूश होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर आलं.

स्ट्रेचरवर आडवी असूनही तिला त्याच्या खिडकीतून खाली दिसत होतं. ती मला नंतर म्हणाली, "ग्वेन, तळ्यांमागून तळी गं. एका कड्याआड दहा, त्याच्यामागे आणखी. काचेचे तुकडे सांडावेत तशी. मी इतकी वर्षं काय करत होते?"

मी आर्डिसबाईला घेऊन हॉस्पिटलात गेले. बाईने लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, पांघरूण सारखं केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग तिने विचारलं, "पलीकडच्या काठापर्यंत पोचली होतीस का?"

डार्लाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तो हिवाळा दोघींनी एका घरात काढला, एकीचा पाय प्लास्टरमध्ये, दुसरीचे गुडघे आखडलेले. डार्ला फोनवर म्हणायची, "खडक बरा होता. तो प्रश्न तरी विचारत नव्हता."

पुढच्या जूनमध्ये टेबलावर बिस्किटं भाजून तयार होती. डार्ला म्हणाली, "आई, मी नाही जाणार."

"पाय दुखतोय अजून? मग ऑगस्टमध्ये जा."

"ऑगस्टमध्येही नाही. कधीच नाही."

"म्हणजे त्याला तिथे एकटं टाकायचं?"

"आणि मी? मी इथे कुणाबरोबर आहे?"

आर्डिसबाई बोलायची बंद झाली. पुढे बरेच दिवस त्या घरात फक्त रेडिओ बोलत होता. मग एका सकाळी डार्लाचा घाबऱ्या आवाजात मला फोन आला, आई घरात नाही, गाडीही नाही. आम्ही दोघी तडक पायवाटेकडे निघालो. बाईची गाडी तिथेच वाकडीतिकडी लावलेली होती. आणि पहिल्याच वळणावर एका आडव्या ओंडक्यावर बाई बसली होती, चर्चला जायचे बूट, हातात पर्स, चेहरा लालबुंद.

"तू जात नाहीस, तर मी जाते," ती म्हणाली. तिला धड श्वास घेता येत नव्हता.

मला वाटलं आता जुंपणार. पण डार्लाने तिला उठवायला हात पुढे केला. म्हणाली, "चल. दाखवते तुला."

आम्ही दोघींनी तिला दोन बाजूंनी धरलं. चार पावलं चालायचं आणि टेकायचं, असं करत दुपार झाली तेव्हा जिथून अख्खी रांग दिसते त्या कड्यापाशी पोचलो. समोर शिखरांमागे शिखरं, बर्फाचे पट्टे, आणि खाली दोन-तीन तळी.

बाईने डोळ्यांवर हात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"हे सगळं?"

"हे फक्त पुढचं. मागे अजून बरंच आहे."

"मला वाटायचं, भिंतीवर दिसतं तेवढंच असेल," बाई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तू कधी सांगितलं नाहीस."

"सांगत होते, आई."

बाईने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं. "घरी चला आता. मला लघवीला लागलीय."

माफी वगैरे काही तिने मागितली नाही. नकाशा अजून भिंतीवर आहे. फुल्या मात्र तिथेच थांबल्या. मी डार्लाला म्हटलं, नर्सिंगला आता मोठ्या वयाच्या बायकाही जातात, स्पोकेनला विचारून तरी बघ. ती म्हणाली, "आणि आईला आंघोळ कोण घालणार, तू?" ती अजून आमच्याबरोबर बटाटेच सोलते.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि आमच्यातली बेव्ह, आम्ही हट्टाने तिला वर नेलं. आर्डिसबाईजवळ बेव्हची बहीण थांबली. जाताना डार्लाची नजर सारखी दगडांच्या फटींकडे वळत होती. बेव्ह ओरडली, "अगं, वर बघ ना जरा!" डार्ला म्हणाली, "बघतेय गं. मान ऐकत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी तळ्याच्या काठावरच्या तापलेल्या कातळावर ती पाय पसरून आडवी झाली आणि तिचा डोळा लागला. तोंड उघडं, चक्क घोरत होती. बेव्हने तिच्या चेहऱ्यावर सावली पडेल अशी टोपी ठेवली. आम्हाला तंबू आवरून निघायचं होतं, आभाळही भरून येत होतं. पण आम्ही तिला उठवलं नाही.