विहिरीपाशी कोण आलं होतं?

मी नर्स आहे. मरणं जवळून पाहिली आहेत, भुताखेतांवर कधी विश्वास ठेवला नाही. आजही ठेवायची इच्छा नाही… म्हणूनच इतकी वर्षं हे लिहिलं नव्हतं.

अहेरीपासून दोन तास आत, जंगलातल्या एका उपकेंद्रात माझी पोस्टिंग होती. लसीकरणाचा दिवस, सकाळचे अकरा. चार बाया पोरं घेऊन आल्या होत्या. शिवाय तळ्यावर मासे धरणारे किसनभाऊ, हाताच्या ड्रेसिंगसाठी.

तेवढ्यात तीन बंदूकवाले धावत आत शिरले. मागावर जवान होते. त्यांनी दार लावलं, आम्हा बायांना मागच्या, लसींच्या फ्रिजच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. किसनभाऊंना मात्र समोरच्या खोलीतच ठेवलं. जवानांनी वेढा दिला. लाऊडस्पीकरवरून सांगत होते – शरण या. आतून उत्तर – गोळी चालवाल तर आतले मरतील!

तीन तास. त्या खोलीला खिडकी नाही. एक तान्हं माझ्या मांडीवर होतं. मग अचानक फायरिंग… आणि शांतता.

कडी एका जवानानं काढली. गडचिरोलीकडचाच पोरगा. मला पाहून तो दारातच थबकला.

"बाई, तुम्ही वापस आत काऊन आल्या?"

"मी बाहेर गेलीच नाई, भाऊ."

"अशा कशा? विहिरीपाशी मले भेटल्या ना! मागच्या खोलीत चार बाया न लेकरं आहेत, तिकडं गोळी मारू नका, म्हनल्या. म्हनून आम्ही समोरच मारली."

आणखी दोन जवानांनीही मला पाहिलं होतं. चारही बाया शपथेवर सांगत होत्या – बाई आमच्यापासून हलल्याच नाई.

समोरच्या खोलीत दोन बंदूकवाले मेलेले, तिसऱ्यानं हात वर केलेले. आणि खिडकीखाली किसनभाऊ. मी नाडी पाहिली. नव्हती.

काही दिवसांनी त्यांची बायको आली. रडली नाही.

"जवान सांगून राह्यले, तुम्ही बाहेर गेल्त्या. मंग माह्या मानसाचं काऊन नाई सांगितलं, बाई?"

मी गेलेच नव्हते, हे किती वेळा सांगितलं तिला!

विहिरीपाशी कोण आलं होतं, मला खरंच माहीत नाही. पण तिला जे सांगू शकले नाही ते इथं लिहिते – ते तीन तास मी डोळे मिटून एकच घोकत होते, कुणीतरी बाहेर जाऊन सांगा, इथं लेकरं आहेत… किसनभाऊंची मला आठवणच झाली नव्हती.