पोलादी डबी आणि अक्षतेचा दाणा

पोलादावर इतकं जिवापाड प्रेम करणारा माणूस साऱ्या अमेरिकेत दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि ज्याने जन्मात डास मारला नाही, फटाका वाजला तरी जो कानात बोटं घालायचा, अशा माणसाच्या तळघरात रायफलची मॅगझिनं खोक्याखोक्यांनी रचलेली असावीत, हेही दुसरीकडे कुठे घडलं नसेल. रायफल मात्र एकही नाही! नुसती मॅगझिनं, म्हणजे गोळ्या भरून रायफलच्या पोटाखाली अडकवतात ती स्प्रिंगची डबी. हा माणूस म्हणजे आमचे शेजारचे काका. नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेतल्या नोव्हाय गावी शेजारी राहायचो आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एकाच कारखान्यात जायचो. काकांच्या व्हॅनमधून माझी रोज ने-आण व्हायची आणि जाता-येता पोलादाची आरती ऐकावी लागायची.

काका मूळचे नागपूरचे. कारखान्यात ते प्रेस शॉपमध्ये होते, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात त्या खात्यात. एका शनिवारी लष्कराचं मोडीत काढलेलं सामान विकणाऱ्या दुकानात मी त्यांना माझ्यासाठी थंडीचा कोट घ्यायला म्हणून नेलं. कोट राहिला बाजूला. काकांच्या हाती एक जुनं पोलादी मॅगझिन लागलं आणि त्यांचे डोळे लकाकले. "अरे, पाहून राह्यला का तू? ही पत्र्याची घडी पाहा, हे वेल्डिंग पाहा! किती पोरांनी हे चिखलात आपटलं असंल, अन् स्प्रिंग अजून टणटणीत!" शेजारच्याच फळीवर नव्या जमान्याची प्लास्टिकची मॅगझिनं होती. काकांनी त्यातलं एक दोन बोटांत धरून असं काही पाहिलं, की दुकानदाराने ते आपणहून परत घेतलं. पण विकत मात्र दोन्ही घेतली. खटला चालवायचा तर आरोपी हजर पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

मग तळघरात मॅगझिनांची खोकी साचू लागली आणि त्या पहिल्या दोघींच्या परीक्षा सुरू झाल्या. घरामागच्या उंच लाकडी डेकवरून दोन्ही डब्या खाली टाकल्या जात. काकूंच्या फ्रीझरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या पिशव्यांशेजारी त्या गोठत पडलेल्या असत. मोदकांसाठी खोबरं काढायला गेलेल्या काकूंच्या हाती एकदा मॅगझिन आलं, तेव्हा त्यांनी नागपूरला परत जायची धमकी दिली. व्हॅनचं चाक दोघींवरून नेलं तेव्हा पोलादाला पोचा पडला आणि प्लास्टिक वाकून पुन्हा जसंच्या तसं झालं. काका डगमगले नाहीत. काकूंच्या वरवंट्याने ठोकून त्यांनी पोचा काढला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "पोलाद वाकलं तर सरळ करता येते. प्लास्टिक फुटलं की खेळ खलास!" डबीवर एक चिमुकला खळगा तेवढा राहिला.

या सगळ्या गमतीत एक दिवस खरी ठिणगी पडली. प्रेस शॉप बंद करायचं कारखान्याने ठरवलं. जे ब्रॅकेट, म्हणजे मोटारीचे भाग जागेवर धरून ठेवणारा कोन, काका पत्र्यातून दाबून काढायचे, ते आता प्लास्टिकचं होणार होतं. काकांना प्लास्टिक खात्यात जागा देऊ केली, तर ते राजीनामा द्यायला निघाले. लेकीचं कॉलेज अर्ध्यावर होतं. काकू रडल्या, मग चिडल्या, आणि शेवटी त्यांनीच तोड काढली. "रायफलला लावून खरीखुरी परीक्षा घ्या एकदाची. तुमची डबी जिंकली, तर खुशाल द्या राजीनामा, मी शब्द काढणार नाही. हरली, तर मुकाट्यानं त्या खात्यात जायचं!" काका खुशीत कबूल झाले.

रायफल होती काकांच्या खात्यातल्या डग नावाच्या दाढीवाल्याकडे. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याच्या शेतावर जमायचं ठरलं. तत्पूर्वी खंडेनवमी आली. काकांनी पाट मांडला, त्यावर पाना, मायक्रोमीटर, काकूंची विळी, आणि मधोमध लढाईला निघालेली ती पोलादी डबी. झेंडू नव्हता, म्हणून दारातली शेवंती. हळद-कुंकू झालं, मूठभर ओल्या अक्षता पडल्या. "अहो, त्या दुसरीलाही वाहा की एक फूल," काकू म्हणाल्या. "तिला प्लास्टिकचं वाहा!" काका गरजले.

शेतावर डगने दोन्ही डब्या आधी चिखलात लोळवल्या. काका कानात कापूस घालून माझा दंड घट्ट धरून उभे होते. प्लास्टिकची डबी ठणाठण रिकामी झाली. मग पोलादी लावली. धाड, धाड, धाड, आणि खट्! पुढे काही नाही. डगने डबीचं बूड उघडलं, स्प्रिंग काढली, आणि तळव्यावर काहीतरी घेऊन चक्रावला. "व्हॉट इज धिस, मॅन? राइस?"

कुंकवाने लाल झालेला अक्षतेचा एक दाणा गोळ्या वर ढकलणाऱ्या स्प्रिंगवरच्या पट्टीशी अडकून बसला होता.

"हे धरायचं नाही!" मी ओरडलो. डगही भला माणूस, "लेट्स रन इट अगेन" म्हणत होता. काकू व्हॅनला टेकून उभ्या होत्या. काकांनी कानातला कापूस काढला आणि तो दाणा स्वतःच्या तळहातावर घेतला. "चिखलानं नाही अडकली रे ती. मी अडकवली," ते म्हणाले. "आता मीच पुन्हा खेळा म्हणू का?" परतीच्या वाटेवर प्रथमच व्हॅनमध्ये पोलादाची आरती झाली नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी काका प्लास्टिक खात्यात गेले. महिनाभर तोंड आंबट होतं. मग एका सकाळी व्हॅनमध्ये बसतो तो काय, काका स्टिअरिंगवर ताल धरून सांगताहेत, "अरे, ते ब्रॅकेट मी फ्रीझरमधी ठेवलं अन् कोपऱ्यावर तडकलं ना! कोणाच्याच ध्यानात नव्हतं!" त्या आनंदात हायवेवरून उतरायचा आमचा एक्झिट चुकला. पुढच्या खंडेनवमीला पाटावर ते ब्रॅकेटही होतं, आणि त्याच्यावर खरी शेवंती.

निवृत्तीनंतर काका-काकू लेकीकडे प्लेनोला गेले. निघताना त्यांनी ती डबी माझ्या हातात ठेवली. पुढे दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "अक्षता दुरून टाकल्या ना रे?" फोन यायचा थांबला त्यालाही आता वर्षं झाली. खंडेनवमीला मी अजून ती डबी पाटावर मांडतो. अंगठा आपोआप वरवंट्याच्या त्या खळग्याशी जातो. अक्षता मात्र मी दुरूनच टाकतो, आणि उगाच फोनकडे बघतो.